दादांची बारी

आमच्या गावात बंदूक एकच होती, पोलीस पाटलाची. ती हातात घेऊन बसायची जागाही एकच होती. माळ संपून नाला जिथं अरुंद होतो तिथं पळसाच्या झाडाखाली दगडांचा कट्टा होता. होळीच्या आधी वर्षातून एकदा रानडुकरांचा मोठा हाका निघायचा. गावातली तीस-चाळीस माणसं पहाटेच माळाच्या वरच्या अंगाला ओळ धरायची आणि ओरडत, डबे बडवत, तरवडाची झुडपं झोडपत खाली यायची. भुईमुगाचा आणि उसाचा फडशा पाडणारी डुकरं त्या गलक्यानं नाल्यात उतरायची आणि पळसासमोरून निघायची. तिथं जो बसलेला असेल त्यानं बार टाकायचा, बाकीच्यांनी नुसतं ओरडायचं आणि काटे मोडून घ्यायचे.

त्या जागेवर कुणी बसायचं यावरून डोकी फुटू नयेत म्हणून जुन्या लोकांनी एक तोड काढली होती. जो हाक्याला आला आणि शेवटपर्यंत ओळ सोडली नाही, त्याच्या नावच्या सुतळीला एक गाठ पडायची. वर्षाला एक गाठ. एखादं वर्ष चुकलं की मागच्या सगळ्या गाठी गेल्या, पुन्हा पहिल्यापासून. ज्याच्या गाठी सगळ्यांत जास्त, त्याला आधी विचारायचं, "बसतो काय औंदा?" तो हो म्हणाला की बारी त्याची. मग नेम लागो, चुको, डुक्कर येवो न येवो, त्याच्या साऱ्या गाठी सोडायच्या. नाही म्हणाला तर गाठी तशाच राहायच्या आणि पुढच्या माणसाला विचारायचं. आपली बारी बापानं लेकाला किंवा भावानं भावाला द्यावी, घराबाहेर देऊ नये, एवढीच काय ती अट.

सगळ्यांच्या सुतळ्या गावातल्या लिंगायत दुकानदाराकडे असायच्या. गाव त्यांना अप्पा म्हणायचं. मांसाला न शिवणाऱ्या माणसाकडेच शिकारीचा हिशेब हवा, असा गावाचा विचार होता. दुकानाच्या मागच्या भिंतीला खुंट्या होत्या आणि तेलाच्या डब्यांवर त्या सुतळ्या लोंबायच्या. कुणाच्या टोकाला चिंधी, कुणाच्या टोकाला मणी. आमच्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या सुतळीला एक जुना खिळा होता.

ती सुतळी तिथं कशी आली त्याची हकिगत आधी सांगायला हवी. आम्ही बौद्ध होण्याआधी हाक्याच्या ओळीपुढं हलगी वाजवायचं काम आमच्या गल्लीचं होतं. गावकीची कामं असतात तसंच ते एक. हलगीवाल्याला गाठ नसे. वाट्याला यायचं ते मुंडकं आणि आतडी. नागपूरची हवा आमच्यापर्यंत आली आणि आमच्या गल्लीनं धर्म बदलला, तेव्हा दादांनी बाकीच्या कामांबरोबर हलगीही खाली ठेवली. त्या वर्षीचा हाका हलगीशिवाय निघाला आणि डुकरं ओळ फोडून सैरावैरा पांगली. पुढच्या वर्षीही तेच झालं. तिसऱ्या वर्षी पाटलानं निरोप धाडला. दादा गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "येतो. पर हलगी न्हाई. तुमच्यासारकाच डबा बडवीन, तुमच्यासारकाच वाटा घेईन, आन् माझी बी गाठ पडल."

चावडीवर बरीच चुळबुळ झाली म्हणतात. कुणीतरी म्हणालं, आजवर असं झालेलं नाही. अप्पा तिथंच बसले होते. ते म्हणाले, "माझ्या दुकानात सुतळी लई हाय," आणि विषय संपला. अप्पा फार बोलत नसत, पण बोलले की वजन टाकून बोलत.

तेव्हापासून दादांनी एकही हाका चुकवला नाही. एका वर्षी त्यांना सणकून ताप होता. माय दारात आडवी उभी राहिली, तर हे मागच्या दारानं गेले. दुसऱ्या एका वर्षी पायात बाभळीचा काटा मोडून पाऊल सुजलं होतं, तरी चिंधी बांधून ओळीत उभे. गावातल्या बाकी लोकांच्या दोन-तीन गाठी झाल्या की कुणाच्या घरी लग्न निघायचं, कुणाचा बैल अडायचा, वर्ष चुकायचं. कुणाला धीर धरवायचा नाही आणि तो तीनवरच बसून घ्यायचा. दादांच्या सहा झाल्या तेव्हा गावात त्यांच्याइतक्या कुणाच्याच नव्हत्या. अप्पांनी विचारलं, "बसतो काय?" दादा म्हणाले, "औंदा न्हाई." सातव्या वर्षी तेच. आठव्या, नवव्याही वर्षी तेच. गावाला वाटलं, हा घाबरतो. मलाही तसंच वाटलं होतं, हे कबूल करायला हवं.

एकदा मायनं मला कारण सांगितलं. पाटील बसला होता तेव्हा त्याच्या आठ गाठी होत्या. गावात तेवढ्या कधी कुणाच्या झाल्या नव्हत्या. "ते म्हंत्यात, म्या धावर बसतो. मंग कुनाला त्वांड उघडाय जागा ऱ्हाणार न्हाई," माय म्हणाली. आमच्यातला माणूस पहिल्यांदाच त्या कट्ट्यावर बसणार, तर त्याच्या हक्कात बोट घालायला फट राहू नये, असा तो विचार होता. मी ऐकलं आणि हसून सोडून दिलं. डुकराच्या मागं दहा वर्षं घालवणारा माणूस, माझा बाप!

मी तोवर मास्तर झालो होतो. आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला होता, कचेरीतले कागद कानडीत यायचे, पण मराठी शाळा होत्या आणि मला बसवकल्याणला नोकरी लागली होती. तिथं खोली घेऊन राहायचो. पौर्णिमेला आमच्या लोकांच्या बैठका व्हायच्या, त्यात मी बोलायचो. चांगलं बोलतो म्हणायचे. तिथूनच बिघडलं बहुतेक. टाळ्या ऐकायची सवय लागली की माणूस घरातसुद्धा भाषण ठोकतो. मी गावी आलो तरी शाळेतलंच मराठी बोलायचो आणि मायनं "कामून असा बोलायलास, घरात हायस की" म्हटलं तर तिलाही शुद्ध करून सांगायचो.

दहावी गाठ पडली त्याच्या पुढच्या संक्रांतीला मी सुट्टीवर आलो होतो. दुपारी दादा अंगणात फावड्याला दांडा बसवत होते. दांडा ठोकता ठोकता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "धा झाल्या. औंदा बसावं म्हनायलोय."

मी पुस्तक मिटलं. मला आठवतं, मला आनंद झाला होता. त्यांच्यासाठी नव्हे, मला बोलायला विषय मिळाला म्हणून. मी विचारलं, "दादा, पंचशीलातलं पहिलं शील कोणतं?"

त्यांनी पालीत घडाघडा म्हणून दाखवलं. मीच शिकवलेलं. लिहितावाचता येत नव्हतं, पण पाठ पक्कं होतं.

"त्याचा अर्थ काय?"

"जीव मारू नई."

"मग बंदूक घेऊन बसणार, त्याला काय म्हणायचं?"

त्यांनी फावडं खाली ठेवलं. "तसं न्हाई रे," म्हणाले आणि पुढं काहीतरी बोलणार होते. मी बोलू दिलं नाही. मास्तरला समोरचा अडखळला की चेव येतो. मी म्हणालो, उद्या बसवकल्याणला लोक मला विचारतील, तुम्ही आम्हाला शील सांगता आणि तुमचे वडील डुकरं मारतात? आपण जुनं सगळं टाकलं ते कशासाठी? पाटील करतो ते आपणही करायचं, यात कसली आली बरोबरी? मी बराच वेळ बोललो. चांगलं बोललो असणार, कारण शेजारची दोन माणसं कुडापाशी येऊन ऐकत उभी राहिली.

दादा ऐकत राहिले. चुलीपाशी बसलेली माय एवढंच म्हणाली, "बसू दे की त्यायला. एक डाव." मी तिला म्हणालो, "माय, तुला यातलं कळत नाही." हे वाक्य मी तोंडातून काढलं, ते आज लिहितानाही मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

एवढ्यावर थांबलो असतो तरी परवडलं असतं. पण मी त्या गाठींचा सदुपयोग करायला निघालो. आमच्या गल्लीला विहार बांधायचं मनात होतं आणि जागा नव्हती. गल्लीला लागून पाटलाचा खडकाळ तुकडा पडीक होता. पाटलाची मुलगी गुलबर्ग्याला दिली होती. जावई सरकारी नोकरीत, शिकारीचा हौशी, बूट घालून यायचा. होळीला तो येणार होता आणि सासऱ्याच्या गावी त्याच्या नावची एक गाठसुद्धा नव्हती. मी संध्याकाळी पाटलाकडं गेलो आणि सांगितलं, दादांची बारी तुमच्या जावयाला देतो, तो तुकडा विहाराला द्या.

पाटलानं क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग हसला. "मास्तर, तू बापापेक्षा हुशार निघालास," म्हणाला. मला ते कौतुकच वाटलं.

घरी येऊन दादांना सांगितलं. एका दगडात दोन पक्षी, असंही म्हणालो. हिंसेतूनही सुटका आणि विहारालाही जागा. दादा म्हणाले, "तू शिकलेला हायस. तुला कळतंय." त्यांनी कधी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं, पण ते असंच बोलायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अप्पांच्या दुकानात गेलो. दादा, मी आणि पाटील. अप्पांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बारी घराभायेर जात न्हाई, मास्तर." पाटील म्हणाला, "आता कसलं घर आन् कसलं भायेर, अप्पा. त्याच्याच राजीखुशीनं व्हायलंय." अप्पांनी दादांना विचारलं, "व्हय काय?" दादा म्हणाले, "व्हय." अप्पांनी खुंटीवरची सुतळी काढून दादांच्या हातात दिली. "मंग तूच सोड," म्हणाले. आपल्या हातानं त्यांनी ती सोडली नाही.

दहा वर्षांच्या गाठी. तेलाचे शिंतोडे, धूळ, धूर बसून दगडासारख्या झालेल्या. दादा दुकानाच्या पायरीवर बसले आणि नखानं सोडायला लागले. सुटेनात. अप्पांनी दाभण दिलं. पाटील म्हणाला, कापून टाक. दादा म्हणाले, "न्हाई, सुटत्यात." एकेक गाठ सोडत राहिले. मधेच एखाद्या गाठीशी थांबून म्हणायचे, "ही तापाची," "ही काट्याची." मला बसवकल्याणची गाडी गाठायची होती. मी दोनदा घड्याळ बघितलं. सातवी की आठवी गाठ सुटत असताना मी म्हणालो, "दादा, मी निघतो, गाडी चुकेल." त्यांनी मान वर न करता "जा" म्हटलं.

हाक्याच्या दिवशी मी गावात होतो, पण माळावर गेलो नाही. गल्लीच्या टोकाला, त्या खडकाळ तुकड्यावर उभं राहून मी कुठं पायरी येईल, कुठं दार येईल ते पावलांनी मोजत होतो. वरून हाका सुरू झाला. आवाज खाली यायला लागला. तीस-चाळीस माणसांच्या ओरडण्यात मला दादांचा आवाज ओळखू आला. ते इतरांसारखे "हो हो" करत नसत. हलगीच्या दिवसांपासूनची एक लांब हाळी त्यांच्या गळ्यात होती, ती दोन शिवारं ओलांडून जायची. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जोरात होती. मग दोन बार झाले आणि सगळं शांत झालं.

दोन्ही बार फुकट गेले होते. जावयानं डुक्कर दिसायच्या आधीच बार टाकला होता म्हणे. दादा घरी आले तेव्हा दोन्ही पायांत काटे होते. माय सुई घेऊन बसली. मी म्हणालो, "बरं झालं, एक जीव वाचला." दादांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा तेव्हा मला वाचता आला नाही. वर्गातल्या पन्नास पोरांचे चेहरे वाचायचो मी, पण तो नाही.

पुढच्या वर्षी ते पुन्हा ओळीत गेले. खिळ्याच्या सुतळीला पुन्हा पहिली गाठ पडली. मग दुसरी. तिसरी पडायच्या आधी शिकारीचा कायदा आला. फॉरेस्टची माणसं जीपमधून गावात आली आणि चावडीवर सांगून गेली की आता हाका केला तर आत जाल. पाटलाची बंदूक भिंतीवरच राहिली. अप्पांनी सुतळ्या खुंटीवरून काढल्या आणि पुड्या बांधायला वापरल्या. त्यांनी दादांना विचारलं होतं, तुझी देऊ का? दादा म्हणाले, दोन गाठीची कशाला.

विहार मात्र झाला. पाटलानं शब्द पाळला, हे सांगायला हवं. गल्लीनं अंगमेहनतीनं भिंती उभ्या केल्या. सगळ्यांत जास्त दगड दादांनीच वाहिले. दर पौर्णिमेला तिथं दिवे लागायचे, मी सुट्टीला आलो की बोलायचो, पोरं अभ्यासाला बसायची. त्यातली काही पुढं नोकरीला लागली. ती जागा वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण त्या पायरीवर पाय ठेवताना मला नेहमी काहीतरी टोचायचं आणि काय टोचतंय ते मी स्वतःलाही नीट विचारलं नाही.

विचारलं ते फार उशिरा. माय जाऊन वर्ष झालं होतं. दादा म्हातारे झाले होते, डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान शाबूत. मी चार दिवसांसाठी गावी आलो होतो. आम्ही दोघं विहाराच्या ओट्यावर उन्हाला बसलो होतो. रस्त्यानं एक शेतकरी तावातावानं बोलत गेला, डुकरांनी रातोरात अर्धा एकर भुईमूग उकरला होता आणि मारायची सोय नव्हती. दादा हसायला लागले. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "दादा, तेव्हा बसला असतात तर डुक्कर पडलं असतं का?"

"कशानं पडल?" ते म्हणाले. "मी काडतूस घालनारच न्हवतो."

मला वाटलं म्हातारपणामुळं घोटाळा होतोय. मी पुन्हा विचारलं. ते सावकाश, मला समजेल असं, म्हणाले, "काडतुसं खिशातच ठिवनार होतो. जीव मारू नई, ते काय मला ठावं न्हवतं व्हय? पर तितं बसायचं होतं. पळसाखाली. समदं गाव वरून वरडत येनार. पाटील बी. काट्यातनं, डबा बडवीत. माझ्यासाटी. आमचा बा त्याच्या बापाम्होरं हलगी वाजवून मेला. मला निस्तं बगायचं होतं, पाटील हाका घालताना कसा दिसतो."

"मग तेव्हाच सांगायचं होतंत मला."

"तू शील इचारलास," दादा म्हणाले. "मला काय पायजे ते कवा इचारलास?"

पाटील तोवर वारला होता आणि हाका बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो आणि मला रडू आलं. त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू गेलं असणार, कारण त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि भुईमूग किती गेला ते विचारायला लागले.